डावी बाजू

सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीची पोती चढताना सगळं पिवळं होतं:
हमालांच्या पापण्या, काट्यावरची चिठ्ठी,
गाडीच्या पायरीवर ठेवलेला माझा डबा.
त्या पायरीवर मी सहा वर्षं काढली.
किन्नर म्हणून.

उस्ताद रावसाहेब खोत, बुधगावचे.
शिकवणं म्हणजे टॉमी हातात द्यायची
आणि म्हणायचं, वाजव.
दहा टायर, दहा आवाज.
"ह्यो ठणठणीत. ह्यो कण्हतोय.
ह्याला इचार, रात्री झोपला का न्हाई."
स्टेअरिंग मिळालं तिसऱ्या वर्षी,
चित्रदुर्गाच्या पुढं, पहाटे साडेतीनला,
सरळ रस्त्यावर, तासभर.
उस्ताद शेजारी घोरत होते.
गिअर चुकला की घोरणं थांबायचं.

माधवनगर रोडला शाळा आहे.
तीस दिवस, बावीस हजार, निळा शर्ट त्यांचाच.
एका खोलीत खोटी केबिन,
पडद्यावर पाऊस, वायपर फिरतात,
म्हैस आडवी येते.
धडक बसली तर बटण दाबायचं,
म्हैस परत उभी.
मी बघायला गेलो तेव्हा
एक पोरगा तिला चौथ्यांदा मारत होता आणि हसत होता.

आणखी एक वाट होती, यल्लाप्पा एजंटची.
गाडीला हात न लावता लायसन घरपोच.
कुपवाडच्या दीप्यानं ती घेतली.
दीप्याबद्दल आम्ही आता बोलत नाही,
चहा पितो आणि गाडीच्या भाड्याचं बोलतो.

वहिदानं वहीत हिशोब मांडला.
बहीण माझी, पतसंस्थेत आकडेच बघते दिवसभर.
एकीकडं फी, महिनाभराचा बुडालेला भत्ता, कानातले.
दुसरीकडं तिनं नुसतं लिहिलं: उस्ताद.
आणि पुढं किती लिहायचं ते कळेना म्हणून
पेन टोपणात घातलं.

मला वाटलं उस्ताद रागावतील.
ते जॅकवर बसून विडी शोधत होते.
म्हणाले, "क्लचवर पाय ठिवून चालवायची
माझी खोड तुला लागलीया. बघितलंय मी.
ह्यो गुडघा बघ माझा."
पँट वर करून दाखवला,
नारळाएवढा, चकचकीत.
मग म्हणाले, शेठनं नवी गाडी बुक केलीया.
मागं कॅमेरा, डावीकडं दोन आरसे.
"किन्नराची शीट न्हाई तिच्यात. बॅग ठिवायला जागा हाय."

मी इतकी वर्षं आरसाच होतो.
तासगावच्या गल्लीत, कोल्ड स्टोरेजच्या गेटात,
डाव्या अंगाला लटकून,
तळव्यानं पत्रा बडवत:
येऊंदे, येऊंदे, येऊंदे, बास.
उस्तादांनी डावीकडं कधी मान वळवली नाही.
एकदा माझा आवाज बसला होता,
तर गाडी तशीच उभी ठेवली, अर्धा तास,
मागं हॉर्नांचा बाजार भरला तरी.
मेडिकलमधून खडीसाखर आणायला पाठवलं.
(मेडिकलमध्ये खडीसाखर मिळत नाही.
मी लवंग आणली.)

सोमवारी फॉर्म भरला.
नाव: मुबारक बाबालाल नदाफ.
हलक्या गाडीचं लायसन: आहे, एक वर्ष चार महिने.
पूर्वानुभव: इथं पेन थांबलं.
मग लिहिलं, डावी बाजू, सहा वर्षं.
क्लार्कबाईंनी वाचलं,
चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं,
वाईट वाटू नये अशी सावकाश रेघ मारली
आणि वर लिहिलं: निरंक.
फोटो दोन, झेरॉक्स तीन,
पावती जपून ठेवा.

बाहेर शाळेची गाडी मागं येत होती,
कडेला पिवळा L, आत घामेजलेला कुणीतरी.
डाव्या चाकामागं ड्रम.
आरशात दिसत असेल त्याला.
नसेलही.
पावती खिशात कोंबेपर्यंत
माझा तळवा पत्र्यावर पडला होता.