मूस

यात्रेच्या आदल्या रात्री अण्णा सेलमहून आले,
मिरजेपर्यंत रेल्वे, पुढे विट्याची एस.टी.,
आणि लेंगऱ्याच्या फाट्यापासून अंधारात चालत.
पिशवीत केळ्याचे वेफर्स, माझी कंपासपेटी,
आईसाठी शेटनं दिलेली चमकी, पुडीत,
आणि तळाला, जुन्या लुंगीत गुंडाळलेली
तडकलेली मूस.
"ही कशाला आणली?" आई.
"दिवाळीपास्नं सोनं वितळलं हिच्यात. टाकवंना."

अण्णांची बोटं साबणानं निघत नाहीत.
त्यांचा रंग शाईचा नाही, तव्याचाही नाही,
करडा, जरा चकाकणारा.
तो दाराच्या कडीवर उमटतो, भाकरीवर,
आणि त्या रात्री माझ्या पुस्तकावर,
नेमका कार्बनच्या धड्यावर.

होनराव सरांनी त्याच आठवड्यात
भिजवलेले हरभरे नि बाभळीचे काटे आणायला लावलेले.
हरभरा म्हणजे अणू, काटा म्हणजे बंध.
"कार्बनला हात चार," सर म्हणाले,
"चार द्यावेत तर उघडा पडतो,
चार घ्यावेत तर पेलवत नाहीत.
म्हणून तो भागीत धंदा करतो."
आम्ही गलाईवाल्यांची पोरं.
भागी म्हटल्यावर मागच्या बाकालासुद्धा कळलं.

आणि तो स्वतःचाच हात धरतो, सर म्हणाले,
कार्बन कार्बनचा, लांबच लांब.
पुस्तकात याला शृंखलाबंधन म्हणतात.
आमच्या गावात याला
एकानं दुसऱ्याला सेलमला बोलावून घेणं म्हणतात.

मुबीन मुलाणीनं साठ हरभऱ्यांचा चेंडू करायला घेतला.
एक्केचाळिसाव्याला हरभरे फुटायला लागले.
मी हिरा केला.
प्रत्येकाला चार काटे, चार दिशांना,
सरांनी हलवून बघितला, ढिम्म.
कुणाचाच हात मोकळा नाही, म्हणून इतका कठीण.
ग्राफाइट शेजारच्या रंजनानं केलं,
सपाट, पोळ्यासारखे षटकोन.
तीन हात धरलेले,
चौथ्याचं जे काही, ते एकाचं नाही, अख्ख्या थराचं.
थरावर थर नुसते ठेवलेले.
बोट लावलं की वरचा घसरतो
आणि बोटाबरोबर घरी येतो.

आंघोळीआधी आईनं चमकी फळीवर काढून ठेवली.
खरा हिरा ऊब धरून ठेवत नाही, सरांनी सांगितलेलं,
फुंकरीची वाफ बसते न बसते तोच उडते.
मी हाऽ केलं.
एक, दोन, तीन, चार.
वाफ बसून राहिली
दुधाच्या झाकणावर बसते तशी, निवांत.
पदराच्या टोकानं पुसलं, पुन्हा हाऽ केलं.
पुन्हा चार. पाच.

अण्णांना सोनं कळतं.
कसोटीवर एक रेघ, तेजाबाचा एक थेंब,
आणि किती आणे खोट ते बोलून मोकळे.
खडा कळत नाही.
दिवाळीच्या बोनसऐवजी शेट म्हणाला हिरा,
यांनी दोन्ही हातांनी घेतला.

यात्रेत आई सारखी मान वळवत होती
गॅसबत्तीच्या बाजूला.
अण्णा पाळण्यांकडे बघत नव्हते.

रात्री अंगणात मी मुशीचा तुकडा घेतला,
बॅटरीतले दोन सेल, वायर, छोटा बल्ब.
दोन टोकं तुकड्याला टेकवली
आणि बल्ब लागला,
पिवळा, मिणमिणता, पण लागला.

अण्णा उकिडवे बसले.
"हिच्यातनं वीज जाती?"
वीस वर्षं ती त्यांच्या समोर जाळात बसलेली,
सोन्याचं पाणी व्हायचं, हिचं काही नाही,
आणि हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.
स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले,
"मग तुझ्या आयच्या हिऱ्यातनं तर लखलखाट हुईल. लाव बघू."

आई ओसरीवर वाती वळत होती.
तिचा हात थांबला.

"हिऱ्यातनं वीज जात नाही, अण्णा," मी म्हणाले.
पुस्तकात आहे. परीक्षेत येतं. दोन मार्काला.

आईनं नाकाला बोट लावलं,
माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ,
आणि पुढची वात वळायला घेतली.