आठ मिनिटं

नकूलाच्या बहिणीनं मॉन्ट्रियलहून प्रोसेसर पाठवला,
ओळखीच्या बाईच्या सामानात,
लोकरी मोज्यात गुंडाळून.
मोजा एकच. दुसरा पुढच्या खेपेला, म्हणाली.

बोर्ड मात्र सात वर्षांपूर्वीचा.
नव्याला ओळखच देईना.
पंखे गरगर, पडदा काळा.
"मेला का?" नकूलानं विचारलं.
मेला नाही रे.
हा कारखान्यातून निघाला तेव्हा
तो अजून जन्मायचा होता.
नंतर घरात कोण कोण वाढलं,
ह्याला कोणी कळवलंच नाही.

मी प्रोसेसर काढला, रॅम काढली.
आता ह्याला डोकं नाही, आठवण नाही,
नुसती वीज आणि पाठीमागं एक बटण.
इतका रिकामा असतानाही
हा एक गोष्ट शिकू शकतो.
पेनड्राइव्हवर एकच फाइल,
तिचं नाव तीनदा वाचलं;
एक अक्षर इकडंतिकडं झालं
की हा दारातूनच परत पाठवतो.

मग घड्याळ पाहिलं. तीनला सात कमी.
तीनच्या ठोक्याला अबू तौफीक जनरेटर बंद करतो.
सरकारी वीज सहाला, आली तर.
यूपीएसची बॅटरी मी गेल्या हिवाळ्यात
खालच्या न्हाव्याला विकली, भाड्यापायी.

खिडकीतून ओरडले,
"अबू तौफीक, आज थोडं उशिरा बंद कर!"
"डिझेल तुझा बाप घालतो का, विदाद?"
"असता तर घातलं असतं."
खाली जरा वेळ नुसती घरघर.
"किती?"
"पाच मिनिटं."
उत्तर आलं नाही.

बटण दाबून धरलं.
लाल ठिपका लुकलुकू लागला.

आता हात लावायचा नाही.
जुनं पुसलं जातंय, नवं पुरतं लिहिलेलं नाही;
ह्या घटकेला वीज गेली
तर हा जुनाही राहणार नाही,
टेबलावर एक हिरवी फरशी उरेल, तांब्याच्या नक्षीची.
नकूला म्हणाला,
"बहिणीला विमानतळावर सोडलं ना, तेव्हा…"
आणि पुढं बोललाच नाही.
मीही विचारलं नाही.

तीन वाजले.
तीन वाजून एक.
त्रिपोलीच्या ह्या गल्लीत
तीननंतर फ्रिज चालू असल्याचं कोणाला आठवत नाही.
समोरच्या गच्चीवर एक बाई बाहेर येऊन
तारांकडं बघत उभी राहिली.

आणि ठिपका विझला.

झालं, की गेली?
दोघांच्या माना एकदम वर.
बल्ब पेटलेला. पिवळट, मरतुकडा, पण पेटलेला.

"झालं का गं?" खालून अबू तौफीक.
"का ओततच राहू?"

मी प्रोसेसर उचलला.
कडेला लोकरीचा एक तंतू चिकटला होता,
निळा.
आधी तो फुंकून काढला.