हिरवं सूत

हिप्परगा तलाव, सकाळचे सव्वासहा.
चिखलात कोपरं रुतवून मी पालथा.
शेकाट्या पाण्यात एकेक पाय
परक्याच्या घरात टाकावा तसा टाकतोय.
तीनशे चाळीस फोटो. कामाचे चार.

रात्री साखर पेठेत, माग थांबल्यावर
लॅपटॉपवर आभाळ थोडं उजळलं,
कडेला तरंगणारी गुटख्याची पुडी पुसली,
पाण्याची थरथर राहू दिली.
मग त्या लांब गुलाबी पायाभोवती
काहीतरी.
केस? शेवाळ?
दोनशे टक्के मोठं केलं.

पाठीमागून नायना वाकले,
कपाळावरचा चष्मा खाली ओढून.
"वीस नंबरचं सूत हाय. टॉवेलचं.
हा हिरवा आपण दिवाळीच्या आधी
लावलेला."

माझं बोट माउसवर.
पुसायचं म्हटलं तर एवढंसंच होतं,
पाच-सहा ठिपके.

नायनांनी पक्ष्याचं नाव विचारलं.
सांगितलं.
"शेकाट्या," ते हळूच म्हणाले,
मागावर तुटलेला धागा सापडल्यावर
दोन बोटांत धरतात तसं.

फोटो तसाच ठेवलाय.
उद्या कॅमेऱ्याच्या बॅगेत
त्यांची छोटी कात्री नेणार आहे.
तीस पावलांच्या आत
तो येऊ देत नाही,
हे मला माहीत आहे.