सहा श्वास

पंचफुलामावशीच्या पिशवीत
झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ
आणि बिस्किटाचा अर्धा पुडा.
दहावीच्या सुटीत मी तिच्यामागं
धुऱ्याधुऱ्यानं हिंडायची.

मडाव्यांकडे अठरा दिवसांचं बाळ.
"रडणं थांबू दे. कपडा वर कर.
पोट पाय त्याचं, तोंड नोको पाहू. पुरा मिनिट."
मी मोजले अठ्ठावन्न.
तिनं मोजले चौसष्ट.
साठ झाले की वाट पाहायची नसते.

मधेच दारातली शेळी ओरडली होती,
मी तिकडं पाहिलं होतं.

चौदा किलोमीटर, फटफटीवर,
बाळ दोघांच्या मधे, मोहाखालच्या रस्त्यानं.
आता तिसरीत आहे ते. पाढे चुकतं.

मग नीट, दोनदा.
मेसचं पाणचट वरण,
झोपेतही कवटीच्या छिद्रांची नावं.
टेबलावरच्या आजोबांच्या मनगटावर 'इंदू' गोंदलेलं,
स्नायूंच्या आधी तेच पाठ झालं.
तोंडी परीक्षेत सर म्हणाले,
बाळाचा श्वास कसा मोजाल?
म्हटलं, पुरा मिनिट, सर,
आणि शेळीकडं पाहायचं नाही.
सर हसले नाहीत.
पुढचा प्रश्नही विचारला नाही.

आज आरोग्य केंद्रात रात्रपाळी.
लाईन गेलेली. सिस्टरच्या मोबाइलच्या उजेडात
एक इवलं पोट
वर, खाली.

अठ्ठावन्न.

आई माझ्या तोंडाकडं पाहते आहे.
मी सेकंदकाटा
बारावर यायची वाट बघते.