सर्व माल विकणे आहे

झुलेमाबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं:
पाटी हवी. मोठी. दुकान बंद करतेय.

रंगांचे डबे पिशवीत घालून मी ओन्सेत उतरले.
नोव्हेंबर. जॅकरांडाचा जांभळा सडा
फुटपाथवर, घाऊक मोज्यांच्या गठ्ठ्यांवर,
हातगाडीवाल्याच्या टकलावरसुद्धा.

दुकान बटणांचं. भिंतभर खण,
प्रत्येक खणाच्या तोंडाशी आतलं एकेक बटण टाचलेलं.
शिंपल्याचं, शिंगाचं,
खलाशांचं नांगरवालं,
पाद्र्यांचं काळं, एका झग्याला तेहतीस.
"वडील येरेवानहून आले नाहीत," त्या म्हणाल्या,
मी काही विचारलं नव्हतं.
"मराशहून आले. खिशात मूठभर बटणं,
कोटाला एकही नाही."
भाडं तिप्पट झाल्याचं त्यांनी मधेच सांगितलं,
हवामान सांगावं तसं.

अक्षर कसं हवं?
"वाचता येईल असं."

आता नेमकं हेच मला येत नाही.
मी एवारिस्तोच्या हाताखाली शिकले.
तो ट्रकच्या फळ्या रंगवायचा.
ट्रक कांदे वाहणारा का असेना,
वरातीला निघाल्यासारखा दिसला पाहिजे.
रेष ओढताना श्वास धरायचा,
वळणाला सोडायचा.
तीन दिवस मी श्वास धरत राहिले, सोडत राहिले.
पहिल्या अक्षराला पालवी फुटली,
शेवटच्याला ड्रॅगनचं शेपूट.
मधे दोन पक्षी, चोचीत निळी फीत,
फितीवर: सर्व माल विकणे आहे. सत्तर टक्के सूट.
सोनेरी कडेला सावली दिली,
सावलीला पुन्हा कड.
दिवाळं इतकं नटलेलं
या गल्लीनं पाहिलं नसेल.

झुलेमाबाई रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या.
चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं.
"वाचता येत नाही,"
म्हणाल्या, आणि पैसे मोजून दिले.

आठवडाभर गिऱ्हाईक फिरकलं नाही.

शनिवारी शहरातली संग्रहालयं रात्री तीनपर्यंत उघडी होती.
वर्षातून एकदा असतात, फुकट.
लोक घोळक्यानं हिंडत होते,
हातात नकाशा, काखेत येर्बाचा थर्मास, खांद्यावर पेंगलेलं पोर.
त्यातला एक घोळका पाटीखाली थबकला.
झुलेमाबाईंनी शटर अर्ध्यावर आणलं होतं.
लोक वाकून आत आले.

"हे इन्स्टॉलेशन कधीचं?"
"त्रेपन्न सालचं." खरं तेच सांगितलं.
"आणि कलाकार?"
"वारला."
मग सगळे हळू आवाजात बोलू लागले.
एका मुलीनं विचारलं, हात लावला तर चालेल?
आजवर या दुकानात असं कुणी विचारलं नव्हतं.
बाईंनी एक खण उपसून तिच्या ओंजळीत ओतला,
आणि मग थांबल्याच नाहीत:
हे बर्लिनच्या कारखान्याचं, कारखाना उरला नाही,
हे दुधापासून, हो, दुधापासून,
हे एका नवरीनं परत आणून दिलेलं,
कारण नाही सांगितलं तिनं.
बाहेर रांग कोपऱ्यावरच्या फार्मसीपर्यंत गेली.
मी दाराशी उभी राहून माणसं आत सोडत होते, दहा-दहा.

अडीचला शेजारच्या मिलोंगातून एक जण आला,
घामानं निथळलेला, वेस्टकोट उघडा.
नाचता नाचता बटण तुटलंय.
बाईंनी न बघता खण ओढला.
किंमत सांगितली.
त्यानं पाटीकडे बोट केलं: सत्तर टक्के?
"सूट दुकानात असते, बाळा."
त्यानं मुकाट पैसे दिले.
बाईंनी उभ्या-उभ्याच टाके घातले,
दातानं दोरा तोडला.

दोन दिवसांनी मी शिडी घेऊन पाटी उतरवायला गेले.
शटर बंद. बाई पायरीवर, मांडीवर हिशेबाची वही.
"नेलिदा, आणखी एक ओळ लिही."
कुठे? जागा कुठाय? पानंच पानं.
"त्या ड्रॅगनच्या पोटावर."
काय लिहू?

जरा विचार करून त्या म्हणाल्या,
"सोमवारी बंद."