पायताण

पहिल्या दिवशी पायताण काढून घेतलं.
शियेच्या खणीपल्याड, पत्र्याच्या शेडात,
भिंतीला खिळे, खिळ्याखाली आकडे.
माझा सतरा.
सुभाषनगरात बनवून घेतलेलं, करकर वाजणारं.
फाटकाला कुलूप न्हवतं. एलिया आवळे म्हणाला,
"अनवाणी माणूस गुत्त्यापातूर जातोय,
खरं वाटंत खडी लई हाय.
इचार कराय येळ मिळतोय."

तिसऱ्या रात्री अंथरुणात वाळू.
फौंड्रीची काळी वाळू,
जिच्यात बारा वर्षं मी साचे दाबले,
ती नाकातनं, उशीतनं, नखांतनं.
मी ओरडलो, लोखंड ओतू नका, आत माणूस हाय.
आवळेनं मीठ-साखरेचं पाणी पाजलं.
प्रार्थना म्हणाला का न्हाई, ध्यानात न्हाई.
चमचा दातावर वाजला, तेवढं हाय.

साडेपाचला घंटा. घंटा म्हणजे
टांगलेला रुळाचा तुकडा.
मांडी घालून वीस बाप्ये :
वडगावचा कंडक्टर, इचलकरंजीचे दोघं सायझिंगवाले,
कुणाशीच न बोलणारे एक मास्तर,
आणि माझ्या शेजारी अठरा नंबर, शमुवेल,
तेवीस वर्षांचा, पंक्चरच्या सोल्युशनवर वाढलेला.
डोळे मिटा, म्हणायचे.
माझे मिटायचे न्हाईत.
खिडकीतनं जोतिबाचा डोंगर दिसायचा,
उजेड पहिला त्याच्या माथ्यावर यायचा.

रविवारी आई आली, दारातच थांबली.
"देव बदललास व्हय रं?"
मी तोंड उघडायच्या आत आवळे म्हणाला,
"मावशी, देवाचं मागनं बघू.
आदी ह्यो जेवतोय का बघा."
सोमवारी माझी सतरंजी
खिडकीजवळ सरकलेली होती.
कुणी सरकवली, विचारलं न्हाई.

मग साक्ष द्यायची पाळी आली.
सांगितलं :
वडलांना मैदानात चांदीची गदा मिळालेली.
मी तिचा पत्रा सोलला,
एका वेळी बोटभर,
जसा कुणी कणसाचा पाला काढतो.
आत लाकूड निघालं.
वडील त्या लाकडाला अजून टॉवेलात गुंडाळून ठेवतात.
कुणी हाय-हाय केलं न्हाई.
मास्तर पहिल्यांदा बोलले,
"लाकूड कसलं होतं?"
सागाचं, म्हणालो.
"मग टिकंल."

साठाव्या दिवशी आवळे जीपमधनं गंगावेशला घेऊन गेला.
पायताण दिलं त्या दिवसापुरतं.
दुधाच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या,
धारोष्ण, फेसासकट, काचेच्या ग्लासात.
ग्लास तसलाच. तेवढाच जड.
हात हलला, दूध मनगटावर सांडलं,
कट्टेवाला म्हणाला, "दम खा पाव्हणं, म्हस कुठं पळत न्हाई."
शमुवेल हसता हसता ठसकला.
परत आल्यावर पायताण मीच काढलं,
सतरावर अडकवलं.

रात्री करकर ऐकू आली.
वाटलं, सपान असंल.
उठून भिंत चाचपली :
अठराचा खिळा मोकळा.

आवळे बॅटरी घेऊन फाटकात उभा,
बनियनवर, ओठ हलत होते.
खणीच्या बाजूला कुत्री भुकत होती.
त्यानं मला बोलावलं न्हाई.
मी सतरावरचं काढलं,
पायात सारलं,
आणि अंधारात, करकर करत,
त्याच्या मागनं चालाय लागलो.