मोरीचा विषय

नेब्रास्कातली एक काउंटी.
तिन्ही कमिशनरांपुढे आज एकच विषय:
ओढ्यावरची मोरी.
ऑर्व्हिल टॅगार्ट चष्मा पुसतो,
बजेटच्या कागदावर बोट ठेवतो,
म्हणतो, पुढच्या वर्षी बघू.
सोळा वर्षं त्यानेच ठरवलं
बर्फ आधी कुणाच्या दारातला काढायचा.

मागच्या बाकावर लोएला ब्रॅन्स्टेटर,
स्कूलबसची ड्रायव्हर, यंदा त्याच्याविरुद्ध उभी.
भाषण तिला जमत नाही.
उठते आणि टेबलावर ठेवते
मोरीचा निखळलेला तुकडा,
ओला, शेवाळलेला.

"माझ्या बसमध्ये एकोणीस मुलं असतात."

ऑर्व्हिल तुकडा उचलतो,
तळहातावर तोलतो, बराच वेळ.
मग रुमाल काढून
टेबलावरचं पाणी तेवढं पुसतो.

इतिवृत्तात नोंद:
चर्चा झाली.